गल्ल्यात उरलं तर देऊ, असं म्हणू नका

कॉफीचं दुकान टाकून गोरगरिबांसाठी काहीतरी करायचं आहे, असं सांगणारी मुलंमुली अलीकडे माझ्याकडे येतात. कुणी साकोलीचं, कुणी पवनीचं, एखादं भंडाऱ्याहून. नागपूर-पुण्याला शिकलेली असतात, तिथले कॅफे पाहिलेले असतात, मन चांगलं असतं. दुकानाचं नाव ठरलेलं असतं, भिंतीचा रंगसुद्धा. मी त्यांना एवढंच विचारते, दूध कुणाकडून घेणार आणि त्याचे पैसे कधी देणार? याचं उत्तर बहुतेकांजवळ नसतं. ‘नफा झाला की दहा टक्के गरजूंना’ हे मात्र पाठ असतं.

नफा झाला की! लाखनीसारख्या गावात कॉफीच्या दुकानाला नफा व्हायला वर्षं लागतात, आणि होतो तो घराचं छप्पर, पोरीची फी, सासूबाईंचा दवाखाना यांत कधी विरघळतो ते कळतही नाही. उरलेल्यातून द्यायचं म्हटलं तर उरतच नाही. शिवाय तुमच्या दुकानामुळं गरजू माणसाचं जे बरंवाईट व्हायचं ते महिनाअखेरीच्या आधीच होऊन गेलेलं असतं. दूध कुणाचं घेतलं, फराळ कुणाकडून आणला, कप कोण धुते आणि तिच्या हातात काय पडतं, बाकावर कुणाला बसू दिलं, यातच ते ठरतं. देणगी त्यानंतरची गोष्ट.

माझे यजमान जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत होते. 1964 साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याच्या वसाहतीत देशभरची माणसं राहायची. आमच्या भिंतीपलीकडं एक तमिळ कुटुंब होतं, त्या मामींच्या हाताखाली मी फिल्टर कॉफी शिकले. यजमान निवृत्त झाले, आम्ही लाखनीला सासरच्या घरी आलो, आणि जाऊबाईंना सोबत घेऊन मी महामार्गाच्या सर्व्हिस रोडला दुकान लावलं. गाव चहाचं. कॉफी म्हणजे लग्नात मशीनमधून फुस्स करून निघणारी, वर चॉकलेटी भुकटी भुरभुरलेली. एका म्हाताऱ्या पाटलांनी पहिला घोट घेऊन विचारलं होतं, “कडू काहून लागते जी काकू? साखर इसरल्या का?” तेव्हापासून चहाही ठेवला. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आजही चहाचंच आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. चहावर घर चालतं, म्हणून कॉफीला सांभाळता येतं. ‘आमच्याकडे फक्त कॉफी’ अशी पाटी लावून बसलेली दोन दुकानं मी या रस्त्यावर बंद होताना पाहिली. उड्डाणपूल झाल्यापासून नागपूर-रायपूरच्या गाड्या डोक्यावरून जातात. खाली राहिलं ते गावचं गिऱ्हाईक, आणि त्याला परवडेल तोच भाव.

तेव्हा आधी कपाचा हिशेब. माझी कॉफी आधी 20 रुपयांची होती, हिशेब तेव्हाचा. पावडर आठ ग्रॅम. मिश्रणाचा भाव किलोला 600 धरला तर पाच रुपयांच्या आतबाहेर. शंभर मिलिलिटर दूध, सहा रुपये. साखर, गॅस, पाणी मिळून दोन. तेरा गेले, सात राहिले. भाडं, वीज आणि मजुरी आमच्या खपावर वाटली की कपामागे पाच बसतात. उरलेल्या दोनांतला एक रुपया मदतीचा, एक घरचा. हा मदतीचा रुपया मी उरलेला समजत नाही. भाड्यासारखाच तो धरते. रात्री गल्ला मोजताना किती कप गेले ते पाहायचं आणि तेवढे रुपये वेगळ्या डब्यात. आठवड्यानं ते बँकेच्या वेगळ्या खात्यात जातात. महिना वाईट गेला तर रक्कम कमी होते, पण बुडत नाही. टक्क्यांच्या भाषेत मोठी मोठी वचनं देणाऱ्यांना हा एक रुपया फार किरकोळ वाटतो. वाटू द्या.

मिश्रणाचंही सांगून ठेवते. पावडरीत चिकोरी घालायला कायद्याची हरकत नाही, कॉफी निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 51 टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर लिहिलेलं हवं. मी भिंतीवर खडूनं लिहिलंय, 70 कॉफी, 30 चिकोरी. ‘शुद्ध’ म्हणून मिश्रण विकायचं आणि त्या पैशांतून दानधर्म करायचा, याला माझ्या सासूबाई एक शब्द वापरायच्या, तो इथं लिहिता येत नाही.

आता खरेदी. इथंच मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथंच सगळं शिजतं.

आमच्याकडे बचत गटाच्या बाया चकल्या, अनारसे, मुरमुऱ्याचे लाडू करतात. भंडारा धानाचा जिल्हा, त्यामुळं तांदळाच्या पिठाचं काही म्हणाल ते यांच्या हातात आहे. या बाया दुकानदाराकडे माल घेऊन येतात तेव्हा दुकानदार म्हणतो, “ठेवून जा, विकलं की पैसे नेजा.” बोलायला हे किती प्रेमाचं वाटतं! ‘महिला बचत गटाचे पदार्थ येथे मिळतील’ अशी पाटीही लागते. पण नीट बघा, यात जोखीम कुणाची? पीठ, तेल, गॅस, दिवसभराची मेहनत तिची. पावसाळ्यात चकली मऊ पडली, उंदरानं पुडा फोडला, पोऱ्यानं चार लाडू खाल्ले, तर नुकसान तिचंच. पैशासाठी फेऱ्याही तिनंच मारायच्या, आणि दर फेरीला “अजून गेला नाही वो माल” ऐकून परत जायचं. सगळ्या साखळीत जिच्याजवळ सर्वांत कमी, तिच्याच भांडवलावर दुकानाची काचेची बरणी भरलेली असते. याला मदत म्हणू नका.

आमच्या दुकानात माल आला की तिथल्या तिथं रोख. म्हणून मी थोडाच घेते, पण ठरलेला घेते. सोमवारी आणि गुरुवारी चकली, शनिवारी लाडू. ठरलेल्या मागणीची किंमत बाहेरच्याला कळत नाही. दर सोमवारी इतके पुडे जाणारच, हे कळलं की ती बाई तेल सुटं न घेता पंधरा किलोचा डबा घेते, तिथंच तिचे पैसे वाचतात. एकदा गटाच्या अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, “काकू, तुमी कमी घेता, पन तुमच्या पैशावर आमी किराना भरतो.” मंडईच्या दिवसांत, दिवाळीनंतर गावोगाव दंडार आणि नाटकं सुरू झाली की खप वाढतो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, वेळीही लाखनीत गर्दी होते. त्या दिवसांत मागणी वाढवते, पण आधी सांगून आणि निम्मी रक्कम आगाऊ देऊन. गर्दीच्या आदल्या रात्री फोन करून “उद्या तिप्पट आणा” म्हटलं की ती बाई सावकाराकडून उचल घेते. अशी उचल मी पाहिलेली आहे.

दुधाचंही तसंच. मुरमाडीच्या एका घरून येतं, दोन म्हशींचं. उन्हाळ्यात पारा 45 वर गेला की दूध नासतं, आणि नासलेल्या दुधावरून सर्वांत जास्त भांडणं होतात. आमचा करार साधा आहे. घेताना तापवून बघायचं, तिथं फाटलं तर त्यांचं, नंतर फाटलं तर माझं. हा करार तोंडी असला तरी पहिल्या दिवशीच झाला पाहिजे. दूध फाटल्यावर करार करायला बसलं तर नातंही फाटतं.

कपांविषयी. कागदी कप नगाला रुपयाच्या आसपास पडतो आणि ओठाला लावून फेकला की तो रुपया गावाबाहेर जातो, कचरा गावात राहतो. भंडारा पितळेचं गाव म्हणून प्रसिद्ध होतं. तिथल्या कारागिरांनी घडवलेले पेले आणि वाट्या मी आणल्या. महाग पडल्या. पण कागदी कपाचा वाचलेला रुपया आता कप धुणाऱ्या बाईच्या मजुरीत जातो. मागच्या परिच्छेदांतला हिशेब पुन्हा पाहा, त्यात कपाचा खर्च नाही, मजुरीत आहे.

पितळ आलं की कल्हई आली. ती नसेल तर दूध-कॉफीला कळकलेली चव येते. आमच्याकडे एक कल्हईवाले बाबा येतात, सत्तरीचे असतील. दुकानामागच्या जागेत जमिनीत खड्डा करून भाता लावतात, कोळसा फुलवतात. पेला तापून विशिष्ट रंगावर आला की चिमट्यानं उचलून नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर नाकात जाऊन ठसका लागतो, तेवढ्यात कथिलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक गिरकी घेतात. काळपट पितळ आतून चांदीसारखं होतं. दोन क्षणांचा खेळ. पेला थोडा जास्त तापला तर कथिल जळतं, कमी तापला तर धरत नाही. पूर्वी हे बाबा घरोघर फिरत. आता लोकांच्या घरी स्टील आणि नॉनस्टिक, त्यांच्या हाताला काम नाही. माझ्या पेल्यांमुळं त्यांना वर्षातून दोन वेळा पूर्ण दोन दिवसांचं काम मिळतं, आणि त्यांनी आता लाखनीतल्या दोन खानावळींची पातेलीही धरलीत. मी त्यांना पाचशे रुपये ‘मदत’ म्हणून दिले असते तर त्यांनी घेतले नसते. मी ओळखते त्यांना.

कॉफीच्या बियांकडे येते. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला, तीही थोडी. आपल्या पूर्वेला मात्र आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी बरीच आहे. आंध्रातलं अराकू, ओडिशातलं कोरापुट, आणि अलीकडे बस्तरात दरभ्याकडेही लागवड झाली. आमच्या दारावरून जाणारा महामार्ग रायपूरला जातो आणि तिथून खाली जगदलपूर. अराकूच्या अरेबिकाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावाचं दुकान 2017 मध्ये पॅरिसमध्येही निघालं. या सगळ्यामुळं ‘आदिवासी कॉफी’ असं छापलेली पाकिटं आता कुठंही मिळतात. पाकिटावर डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईचं हसरं चित्र असतं. चित्राला भुलू नका. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. माल शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून घेतला, सरकारी महामंडळाकडून की दलालाकडून? यंदा शेतकऱ्याला काय भाव पडला? आणि पक्कं बिल देता का? तिसऱ्या प्रश्नालाच निम्मे फोन बंद होतात. आठ ग्रॅम निव्वळ कॉफीमागं साधारण पन्नास-साठ ग्रॅम पिकलेली फळं लागतात, एकेक हातानं तोडलेली. ती तोडणारीला भाव मिळाला नसेल तर माझ्या दुकानातल्या एका रुपयाच्या डब्याला फार अर्थ उरत नाही.

हे माझं नवं शहाणपण नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातले आदिवासी कॉफी उत्पादक 1980 च्या दशकात एकत्र आले, त्यांच्या संघाचं नाव उसिरी. त्यांच्यात काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर होफ यांच्याकडे त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्हाला दान नको, कॉफीला नीट भाव द्या. त्यातून 1988 साली हॉलंडमध्ये ‘मॅक्स हावेलार’ हा शिक्का निघाला, जगभरच्या रास्त व्यापाराच्या शिक्क्यांचा तो पहिला. आज त्या व्यवस्थेत बाजार पडला तरी एका ठरलेल्या भावाखाली माल घ्यायचा नाही, आणि वर थोडी जादा रक्कम संघाला द्यायची, ती कशावर खर्चायची ते संघानं ठरवायचं. आपल्यासारख्या छोट्या दुकानाला शिक्क्याचा खर्च झेपत नाही, पण नियम उचलता येतो. मी चकलीवाल्या ताईंना तोच लावलाय. तेल स्वस्त झालं म्हणून त्यांचा भाव मी खाली आणत नाही.

दुकानात काम कोण करतं, याविषयी थोडं कठोर बोलते. दुकान चालायला लागलं की महिनाभरात कुणीतरी एक पोरगं घेऊन येतं. “बाप पितो, माय आजारी, ठेवून घ्या काकू, दोन वेळ जेवण आन् वरून थोडे पैसे, पुन्य लागंन तुमाले.” माझ्याकडेही आलं. दहा-अकरा वर्षांचं, डोळे तुकतुकीत. आणणारी बाई नात्यातली होती. मी ठेवलं नाही आणि तिनं माझ्याशी वर्षभर बोलणं सोडलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, चहाटपऱ्या, ढाबे, हॉटेल यांवरची बंदी तर 10 ऑक्टोबर 2006 पासूनची. पण कायदा बाजूला ठेवा. त्या पोराला दोन वेळचं जेवण शाळेपेक्षा जवळचं वाटावं अशी सोय आपण करून देतो, आणि वर पुण्य मोजतो. पोराऐवजी मी त्याच्या आईला धुण्याचं काम दिलं. ती आजारी होती म्हणून अर्धा दिवसच. पोरगं शाळेत टिकलं का? टिकलं, आठवीपर्यंत. पुढं बापासोबत हैदराबादला गेलं. सगळ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात.

मजुरी देताना ‘बिचारी’ हा शब्द डोक्यातून काढा. बिचारी म्हणून ठेवलेल्या बाईला आपण कमी देतो आणि ती मागतही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत बायांना शेतावर जास्त मजुरी मिळते, त्या जाणारच. पहिल्या वर्षी जाऊबाई चिडल्या, “ऐन टायमाले सोडून गेली.” आता आम्ही ते धरूनच चालतो. रोवणीचे ते दिवस दुकान अर्धवेळ. परत आल्यावर तिची जागा तिचीच.

कॉफीचा धंदा आणि कामगाराचा मान यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. कॉफी बोर्डाची कॉफी हाउसं 1950 च्या दशकात बंद व्हायला लागली, कामगार रस्त्यावर आले. ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं त्यांनी सहकारी संस्था काढल्या, 1957 साली बंगळूरला पहिली संस्था निघाली आणि दिल्लीला त्यांचं पहिलं कॉफी हाउस उघडलं. तुरेवाला फेटा बांधून कप आणणारा माणूसच तिथं भागधारक असतो. नागपूरला सदरमधल्या कॉफी हाउसात मी यजमानांसोबत जायचे तेव्हा मला हे माहीत नव्हतं, कळल्यावर त्या फेट्याकडे पाहण्याची नजर बदलली. अलीकडची उदाहरणं हवी असतील तर मुंबईत जुहूला ‘अर्पण’ हा कॅफे बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ मुलं चालवतात, आणि 2017 साली हुबळीच्या एका कॉलेजात सुरू झालेला ‘मिट्टी कॅफे’ आता सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातही आहे. दोन्हीकडं कपभर कॉफीइतकंच महत्त्व प्रशिक्षणाला आहे. ते शिकवण्याची ताकद आपल्यात नसेल तर दिव्यांग मुलाला दारात उभं करून ठेवू नका. मीही ठेवलेलं नाही, कारण आम्हा दोघींना ते जमणार नाही हे आम्हाला माहीत आहे.

आता फुकट कपाची गोष्ट. इटलीत नेपल्सला जुना रिवाज आहे. एक कॉफी प्यायची, पैसे दोनांचे द्यायचे, दुसरी अनोळखी गरजूसाठी. एका कॉलेजच्या मुलीनं मला हे सांगितलं आणि उत्साहानं पाटीही रंगवून आणली. लोकांनी पैसे भरले, खिळ्याला चिठ्ठ्या लटकल्या. गरजू माणूस मात्र एक आला नाही. चारचौघांत खिळ्यावरची चिठ्ठी काढून कॉफी मागायची म्हणजे मी गरीब आहे हे गावासमोर सांगणं. नेपल्स मोठं शहर, तिथं कोण कुणाला ओळखतं? लाखनीत बाकावर बसलेल्या चारांपैकी तिघं नात्यातले निघतात. चिठ्ठ्या काढल्या त्या बिलंदर पोट्ट्यांनी. महिन्याभरात पाटी उतरवली.

खरी गरज काय असते ते मला 2020 च्या उन्हाळ्यात दिसलं. टाळेबंदीत याच महामार्गावरून माणसं छत्तीसगडकडे, ओडिशाकडे चालत निघाली होती. दुकान बंद होतं, आम्ही रस्त्याकडेला मोठ्या भगोण्यात चहा-कॉफी केली. एका बाईनं कप हातात घेतला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “दीदी, पानी मिलेगा? और चप्पल?” त्या दिवसापासून कॉफीचं भगोणं बंद, पाण्याचे ड्रम, खिचडी, आणि गावातून जमवलेल्या जुन्या चपला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, भंडाऱ्यात घरंच्या घरं पाण्यात गेली. लोकांनी जुन्या कपड्यांचे ढीग पाठवले. चिखल काढायला फावडी, खराटे आणि फिनेल हवं होतं. ज्याला गरज आहे त्याला विचारल्याशिवाय देऊ नये, एवढं मी त्यातून घेतलं.

विचारलं तर काय कळतं? ग्रामीण रुग्णालयात आलेल्या माणसांना सर्वांत जास्त हवं असतं ते गरम पाणी. बाळाच्या दुधासाठी, म्हातारीच्या गोळीसाठी, कधी नुसतं पिण्यासाठी. कॉफीच्या दुकानात ते सदासर्वदा असतंच. आमच्याकडे गरम पाणी फुकट आहे, थर्मास घेऊन या, भरून न्या. गॅसला थोडा भार पडतो. त्यासाठी पाटी नाही, पेटी नाही, आणि ते मागायला कुणाला लाजही वाटत नाही.

एक रुपयाच्या डब्यातले पैसे जातात ते मुख्यतः सिकलसेलच्या घरांना. पूर्व विदर्भात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, दुखणं उठलं की पोराला घेऊन नागपूरला मेडिकलमध्ये धावावं लागतं. पण पैसे देण्याआधी आम्ही सरकारी हक्काचं काय मिळतं ते बघतो. एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला सवलत आहे, बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. कागद नसल्यामुळं कितीतरी जण पूर्ण भाडं भरतात. तेव्हा आधी तो कागद काढून देणं, मग राहिलेल्या तिकिटाचे आणि दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे. कुणाला द्यायचे ते मी एकटी ठरवत नाही. जाऊबाई, एक निवृत्त शिक्षिका आणि गावच्या आशा सेविका मिळून ठरवतात. माझ्या नात्यातलं नाव आलं की मी उठून आत जाते.

कागदावरून आठवलं. बाकावर बसून फॉर्म भरून देणारा एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे यायचा. फार गोड बोलायचा. लोकांच्या आधारच्या झेरॉक्स त्याच्या पिशवीत साठत गेल्या, मोबाइलवर आलेले आकडे तो “सांगा काकाजी” म्हणून विचारायचा. एका शेतकऱ्याच्या खात्यातून धानाच्या चुकाऱ्याचे पैसे गेल्यावर तो दिसेनासा झाला. लोक मला विचारायला आले, कारण बाक माझा होता. आता फॉर्म भरायला कॉलेजची मुलं येतात, ओळखीची, आणि आकडा ज्याचा त्यानं स्वतः टाकायचा असा नियम आहे. जागा दिली की जबाबदारीही थोडी येतेच.

दानपेटी ठेवू नका, असं मी सांगते तेव्हा मुलं हिरमुसतात. एका लेकराच्या ऑपरेशनसाठी आमच्या काउंटरवर पेटी होती. पैसे छान जमले, घरच्यांना पोचले, लेकरू बरं झालं. तरी सहा महिने गावात कुजबुज, किती जमले, काकूनं किती ठेवले. कुणी तोंडावर बोललं नाही. नंतर एका वकिलांनी सांगितलं की लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या 41-क कलमाखाली धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं, हिशेब द्यावा लागतो. गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच परवानगी. म्हणून सांगते, स्वतःच्या विक्रीतून द्या, तो तुमचा पैसा. लोकांकडून घ्यायचा असेल तर आधी परवानगी, नाहीतर नोंदणी असलेल्या संस्थेची पावती फाडून त्यांच्याच खात्यात जाऊ द्या. रोख दोन हजारांवर देणगी दिली तर देणाऱ्याला आयकराची सवलतही मिळत नाही. आणि फोटो काढू नका. मदत घेतानाचा फोटो एका मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर फिरला, ती पंधरा दिवस शाळेत गेली नाही.

उधारीचं शेवटी सांगते, कारण दुकानं बुडतात ती दानानं नव्हे, उधारीनं. धान केंद्रावर गेलं की चुकारे यायला कधी महिना, कधी दोन महिने. तोवर सगळं गाव वहीवर. शेतकऱ्याला त्या दिवसांत नाही म्हणवत नाही आणि म्हणूही नये. पण मर्यादा ठरवा. आमच्याकडे माणसामागे 200 रुपये, ते फिटल्याशिवाय पुढचं पान नाही. वहीवर लिहिलेलं मी मदत म्हणून मोजत नाही. ते येणं आहे. बुडालं तर तोटा. दोन्हींची सरमिसळ झाली की माणूस स्वतःला दानशूर समजत समजत दिवाळखोर होतो.

मध्यंतरी पावडरीचा भाव चढला. ब्राझीलला दुष्काळ, व्हिएतनामला पीक कमी, त्याचा फटका लाखनीच्या सर्व्हिस रोडवर बसला. 600 चं मिश्रण 800 वर गेलं, म्हणजे कपामागे दीड रुपया. माझ्या हिशेबात दोनच शिल्लक होते. चिकोरी वाढवायची, मदतीचा रुपया बंद करायचा की भाव वाढवायचा? दुकानातल्या दोघी बायांना आणि जाऊबाईंना बसवून विचारलं. धुणाऱ्या ताई म्हणाल्या, “भाव वाढवा, पन माहा पगार तेवढाच ठेवू नका.” त्यांचं बरोबर होतं, त्यांच्याही घरी तेल-तांदूळ महागलेच होते. 25 रुपयांचा बोर्ड लावला. पाच रुपयांतले दीड पावडरीला, दोन पगाराला, बाकी दुधाच्या वाढीव भावाला धरून ठेवले. मदतीचा रुपया होता तसाच आहे. पहिल्या आठवड्यात कॉफीचं गिऱ्हाईक घटलं, चहाचं वाढलं. पाटील अजून येतात. पंचविसाची नोट नाही म्हणून वीसची देतात आणि म्हणतात, “पाच लिहून ठेवा जी काकू.” लिहून ठेवते, 200 ची मर्यादा त्यांनाही आहे.